फोटोखालचा शब्द

पडद्यावर माझी आय होती.

पडदा म्हणजे वर्गाची पांढरी भिंत. तिच्यावर आय, माणसाहून मोठी. डोक्यावर पदर, हातात चहाची किटली, पाय उघडे. हसत होती. तिच्या फोटोखाली जाड काळ्या अक्षरात एक इंग्रजी शब्द होता. प्रिमिटिव्ह.

निखिल बाजूला उभा राहून वाचत होता. “दे लिव्ह विदाउट हाउस, विदाउट इलेक्ट्रिसिटी, विदाउट इव्हन फूटवेअर.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही. नाकातनं.

मॅडम म्हणाल्या, “व्हेरी गुड यूज ऑफ व्होकॅब्युलरी, निखिल.”

निखिलनं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, “नो ऑफेन्स हं.”

नो ऑफेन्स. तो शब्द आमच्या धड्याच्या यादीत नव्हता. पण मला त्याचा अर्थ लगेच कळला. आधी मारायचं, आणि मग म्हणायचं, लागलं असलं तर ते तुझं तू बघ.

मी बाकावर बसून होते. मला उठायचं होतं. उठता येईना. भिंतीवरची आय हसतच होती. तिला कुठं माहीत होतं, खाली काय लिहिलंय.

ती हसली होती माझ्याकडं बघून. फोटोत तेवढं दिसत नव्हतं.

*

आम्ही माणदेशातले धनगर. गावात आमचं दगडी घर आहे. दिवाळी झाली की घराला कुलूप लागतं. आय, आबा, मेंढरं, घोडी, कुत्री असा सगळा वाडा पश्चिमेला निघतो. आमचा वाडा म्हणजे जाळीचा. मेंढरं आत, माणसं बाहेर. वाईच्या बाजूला पाण्याची रानं आहेत. ज्यांची रानं मोकळी झाली ते बोलावतात, मेंढरं बसवा म्हणतात. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं. पाऊस तोंडावर आला की आम्ही माघारी.

मी वाड्याबरोबर फिरले ती सात वर्षांची होईपर्यंत. पुढं आश्रमशाळा, मग वसतिगृह, मग साताऱ्यात बी. ए. आमच्या वस्तीवरची मी पहिली पदवीधर. सांगलीत एका संस्थेत जागा निघाली होती. गावोगाव जाऊन बायकांशी बोलायचं आणि त्याचा अहवाल इंग्रजीत लिहायचा. माझ्यासाठीच काढल्यासारखी जागा. बायकांशी बोलायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. इंग्रजीचं मात्र सर्टिफिकेट पाहिजे होतं.

म्हणून मी साताऱ्यात इंग्रजी बोलायच्या क्लासला जायला लागले.

क्लासमध्ये आम्ही चौदाजण. नियम एकच. आत आलं की मराठी बंद. चुकून मराठी बोललं तर उभं राहायचं, पुढचं इंग्रजी वाक्य सुचेपर्यंत. सगळ्यात जास्त वेळ मी उभी असायचे. आधी आधी पोरं हसायची. मग त्यांनाही सवय झाली. मी उभी आहे हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

मॅडम वाईट नव्हत्या. हे मुद्दाम सांगते. मला कधी हिडीसफिडीस केलं नाही. माझा उच्चार चुकला की जवळ येऊन, खांद्यावर हात ठेवून, “अगेन” म्हणायच्या. मला त्या आवडायच्या. त्यांच्यासारखं बोलता यावं असं वाटायचं. खोलीवर मी आरशासमोर त्यांच्यासारखे ओठ करून बघायचे.

मग तो धडा आला. कल्चर अँड सोसायटी.

धड्याला पन्नास शब्दांची यादी. पहिल्याच शब्दाला माझं हसं झालं. मॅडमनी विचारलं, सोसायटी म्हणजे काय? मी पटकन म्हणाले, आमच्या गावात आहे, तिथं खताच्या गोण्या मिळतात. सगळा वर्ग लोटपोट. मॅडमही हसल्या. मीही हसले. आपल्यावर लोक हसतात तेव्हा आपणही हसायचं, म्हणजे कमी लागतं. हे मी आश्रमशाळेत शिकले होते.

मग मॅडम एकेक शब्द सांगत गेल्या. हेरिटेज. म्हणाल्या, आमच्याकडे गौरी येतात, चार पिढ्यांचे पितळी मुखवटे आहेत, एका विशिष्ट पद्धतीनेच पूजा होते. दॅट इज अवर हेरिटेज. मी लिहून घेतलं. थोड्या वेळानं सुपरस्टिशन आला. म्हणाल्या, फॉर एक्झाम्पल, काही समाजांत अंगात येतं, भंडारा उधळतात, दे बिलीव्ह इन ऑल धिस. तेवढं बोलून माझ्याकडं बघून हळूच हसल्या, मायेनं. तेही मी लिहून घेतलं. अक्षर सुद्धा चांगलं काढलं.

आमच्या देवाचा, बिरोबाचा भंडारा मी स्वतःच्या हातानं सुपरस्टिशनपुढं लिहिला. आणि मला काही वाटलं नाही.

धड्याच्या शेवटी प्रत्येकाला एक शब्द मिळणार होता. त्या शब्दावर फोटो दाखवून बोलायचं. तास संपल्यावर मॅडमनी मला विचारलं, “तुमचा तो कळप सध्या कुठे असतो?”

मी म्हणाले, वाईच्या अलीकडं.

“वंडरफुल. आपण सगळे जाऊ या. रिअल कल्चर बघायला मिळेल.”

खरं सांगते, मला आनंद झाला. इतके दिवस मी बाकाच्या शेवटाला बसायचे. आता सगळा वर्ग माझ्या घरी येणार होता. मी लगेच आबांना फोन लावला. आबा म्हणाले, “येऊ दे की. माणसांनी येऊ ने व्हय?”

*

रविवारी सकाळी दोन गाड्या करून आम्ही गेलो. वाडा एका ज्वारी काढलेल्या रानात बसला होता. आय नवं लुगडं नेसली होती. पाहुणे येणार म्हणून रानमालकाच्या घरनं प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून मांडल्या होत्या. नवा पांढरा पटका बांधून आबा उभे. आमच्या कापडी पालाच्या टोकाला सौरदिव्याची पाटी बांधलेली, तिच्यावर आबांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला.

पोरं गाडीतनं उतरली. एका मुलीनं ओढणी नाकाला लावली ती शेवटपर्यंत काढली नाही.

निखिल म्हणाला, “आमच्याकडे पण बसतात हे लोक. दरवर्षी.” निखिलच्या घरचा ऊस आहे. वडील लष्करातनं निवृत्त होऊन आता शेती बघतात. आबा त्याला म्हणाले, “कुटल्या गावचं रं तुमी?” त्यानं गाव सांगितलं. आबा म्हणाले, “म्हंजी पाटाच्या कडंचं रान. वळखतो की. तुमचा आजा लय चांगला माणूस.” निखिलला ते आवडलं नाही. तो मोबाईल काढून फोटो काढायला लागला.

मॅडमनी प्रश्न विचारायला सांगितलं. इंग्रजीत. मी दुभाषी.

पहिला प्रश्न होता, तुम्ही एका जागी का राहत नाही?

आबा खुर्चीवर बसले नाहीत. काठीवर हनुवटी टेकून बोलायला लागले. माणदेशात पाऊस कुठल्या महिन्यात किती आणि कुठं पडतो. कुठलं गवत कधी कडू होतं. काळ्या रानात मेंढरं किती दिवस बसवायची आणि मुरमाड रानात किती. कोकरं कुठल्या थंडीत जगतात. वाटेत कुठल्या गावाला पाणी देतात आणि कुठलं गाव दगड मारतं. म्हणाले, “आमी फिरतो म्हून त्येंची रानं पिकत्यात. आमी घरातच बसलो तर मेंढरं बी मरतील आन् ह्यांची मातीबी मरंल.” त्यांना एकेक मेंढरू तोंडावरनं ओळखू येतं. त्यातली दोन-चार त्यांनी हाक मारून दाखवली. हाकेसरशी ती वळून बघायला लागली.

पाऊण तास बोलले. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. माझ्यासमोर त्यांना कुणी कधी काही विचारलंच नव्हतं.

बोलून झाल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी तोंड उघडलं. मुरमाड रानाला काय म्हणतात? गवत कडू होणं, कोकरू तगणं, माती मरणं, याला शब्द कुठले? माझ्याकडं पन्नास शब्दांची यादी होती, आणि त्यात आबांचं एकही वाक्य बसत नव्हतं.

मी म्हणाले, “ही सेज, शीप इज गुड फॉर फार्म.”

एवढंच. पाऊण तासाचं एवढंच.

पोरांनी लिहून घेतलं. मॅडम म्हणाल्या, “सच सिंपल पीपल.”

आबांनी मला विचारलं, “काय म्हणत्यात?”

“म्हणत्यात, साधी माणसं हायती.”

आबा काठी उचलून मेंढरांकडं वळले. त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही.

मग फोटो. निखिलला आयचा फोटो पाहिजे होता. त्यानं बघितलं, मोबाईल खाली घेतला, म्हणाला, “त्या खुर्च्या बाजूला घेऊ या का? आणि ते सोलर. ऑथेंटिक नाही वाटत.” दोघा पोरांनी खुर्च्या उचलल्या. सौरपाटी पालामागं गेली, मोबाईलसकट. मग तो मला म्हणाला, “आंटींना चप्पल काढायला सांग ना.”

मी मॅडमकडं बघितलं. त्या दुसरीकडं बघत होत्या.

मी आयला म्हणाले, “आय, चप्पल काढ.”

“का गं?”

“फोटूत बरं दिसतं.”

ज्वारीची धसकटं सुरीसारखी वर आलेली असतात. त्यात कुणी अनवाणी उभं राहत नाही. आयनं चप्पल काढली, बाजूला नीट जोडून ठेवली, आणि चहाची किटली हातात घेऊन पाय सावरत उभी राहिली. म्हणाली, “तू बी ये की फोटूत.”

निखिल म्हणाला, “नको, फक्त त्या.”

आय माझ्याकडं बघून हसली. तेवढ्यात त्यानं फोटो काढला.

*

तो फोटो भिंतीवर होता. विदाउट हाउस. विदाउट इलेक्ट्रिसिटी. विदाउट फूटवेअर.

मी उठले. कशी उठले माहीत नाही. म्हणाले, “ती चप्पल मी काढायला लावली.”

मॅडम म्हणाल्या, “इन इंग्लिश, प्लीज.”

मी इंग्रजी शोधायला लागले. आय टोल्ड. आय सेड. माय मदर हॅज चप्पल. डोक्यात सगळं एकमेकांवर पडत होतं. एक वाक्य धड उभं राहीना. रोज उभी राहायचे तशीच उभी होते. तेरा तोंडं माझ्याकडं. पुढचं वाक्य सुचेपर्यंत उभं राहायचं हा नियम. मला वाटलं, मी आता कायमची अशीच उभी राहणार.

मी म्हणाले, “फोटो बंद करा.”

“डोन्ट टेक इट पर्सनली,” मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी मऊ. “हा ॲकॅडमिक शब्द आहे. आणि त्याला मार्क्स आहेत. प्लीज सिट डाउन.”

त्यांनी स्वतः मराठी बोलून घेतलं. त्यांना कुणी उभं केलं नाही.

मग माझ्या तोंडातनं आमची बोली बाहेर पडली. त्या खोलीत पहिल्यांदा. “माज्या आयला घर हाय. दगडी. तिच्या पालाला दिवा हाय. तिच्या पायात चप्पल हुती. तुमी समद्यांनी बगितली. मंग ह्ये काय लिवलंया?”

निखिल खाली बघत होता. त्याला सगळं कळत होतं. तोही घरी असंच बोलत असणार. फोटो मात्र भिंतीवर तसाच.

मी पुढं गेले आणि लॅपटॉपची वायर ओढून काढली.

भिंत निळी झाली. वायर मी तिथंच खाली टाकली. मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. कुणी थांबवलं नाही.

*

दुपारी मॅडमचा निरोप आला. दोन दिवसांत वर्गासमोर इंग्रजीत माफीपत्र वाचायचं. नाहीतर सर्टिफिकेट मिळणार नाही. निखिलचाही आला. सॉरी यार, शब्द मॅडमनी दिलेला, मी फक्त फोटो लावला.

मी स्टँडवर वाईच्या गाडीची वाट बघत बसले होते. वही काढली. म्हटलं, माफीपत्र लिहून टाकावं, आय ॲम सॉरीनं सुरुवात करावी. सर्टिफिकेट पाहिजेच होतं. दुसरी वाट मला दिसत नव्हती. पान उलटताना ती यादी समोर आली. माझंच चांगलं अक्षर. हेरिटेजपुढं मॅडमच्या गौरी. सुपरस्टिशनपुढं आमचा बिरोबा.

दोन्हीकडं देवच आहे. दोन्हीकडं पिढ्या आहेत, पूजा आहे, ठरलेली पद्धत आहे. मग एकाला हा शब्द आणि दुसऱ्याला तो, हे कुणी ठरवलं? मी पुढची पानं बघत गेले. मॅडमच्या घरचं लग्न रिच्युअल. आमच्यातलं ऑर्थोडॉक्स. त्या परदेशात बहिणीकडं जाऊन राहतात ते ग्लोबल. आम्ही वाईला जातो ते नोमॅडिक. चांगले शब्द आधीच कुणीतरी घेऊन बसलं होतं. आमच्या वाट्याला उरलेले आले होते. आणि ते वाटायचं काम माझ्या हातानं, माझ्या पेनानं झालं होतं.

वाईची गाडी लागली. मी चढले.

वाडा आता दुसऱ्या रानात होता. आबा फाटलेली जाळी विणत होते. आय कोकरं सोडत होती. मला अवेळी आलेलं बघून दोघं थांबली. मी सगळं सांगितलं. एक शब्दही चोरला नाही. आबांच्या पाऊण तासाचं मी इंग्रजीत काय केलं, तेही सांगितलं.

आबांनी विचारलं, “त्यो फोटूखालचा शबूद. म्हंजी काय?”

“म्हंजी... अजून पुरती माणसं न झालेली माणसं.”

आबा जाळी विणत राहिले. हात थांबले नाहीत. म्हणाले, “मी त्या पोराच्या आज्याच्या रानात मेंढरं बसीवल्यात.”

आय माझ्याजवळ आली. म्हणाली, “चप्पल काढाय लावलीस तवा तुला ठावं हुतं? का काढाय सांगत्यात ते?”

मला खोटं बोलता आलं असतं. तिनं ते मानलं असतं.

“व्हय,” मी म्हणाले. “ठावं हुतं.”

आयनं माझ्याकडं बघितलं. शिवी दिली नाही, रडली नाही. वळली आणि कोकरांकडं गेली. संध्याकाळच्या गाडीनं मी निघाले तेव्हा भाकरी बांधून दिली, पण बोलली नाही. पोचवायला बांधापर्यंत यायची, ती आली नाही.

*

दोन दिवसांनी मी क्लासला गेले. मॅडमनी मला आत कचेरीत बोलावलं. त्यांनी माझ्या सोयीसाठी माफीपत्र स्वतःच टाईप करून ठेवलं होतं. मी फक्त सही करून वाचायचं. पत्र सोपं होतं. सगळे शब्द मला येत होते. माय बिहेव्हिअर वॉज अनसिव्हिलाइज्ड, असं एक वाक्य होतं.

“तुझ्या करिअरसाठी सांगतेय,” मॅडम म्हणाल्या. “एका सहीचा प्रश्न आहे.”

त्यांना खरंच तसं वाटत होतं. म्हणून तर जास्त अवघड होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. यांच्याशी कशी भांडू?

मी कागद परत त्यांच्याकडं सरकवला. म्हणाले, “आय विल नॉट साइन.”

चार शब्द. डोक्यात मराठी न करता आलेलं माझं पहिलं इंग्रजी वाक्य. मॅडमनी ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सर्टिफिकेट मिळालं नाही. सांगलीची जागा गेली. तिथं आता आमच्या क्लासमधलीच एक मुलगी आहे, ती ओढणीवाली. गावोगावच्या बायकांशी बोलते आणि इंग्रजीत लिहिते. काय लिहीत असेल, याचा विचार सारखा येतो. मी इथं बसून काही करू शकत नाही. त्या बायकांना कधी कळणार पण नाही.

मी सध्या साताऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानात आहे. इंग्रजी सोडलेलं नाही. रोज शिकते. मॅडमसारखं बोलता यावं म्हणून नाही. माझ्या माणसांवर काय लिहिलं जातं ते मला वाचता आलं पाहिजे, आणि खोटं असेल तर तिथंच, त्याच भाषेत, खोडता आलं पाहिजे. अजून येत नाही. येईल तोपर्यंत शिकणार.

आय अजून माझ्याशी धड बोलत नाही. फोनवर आबाच असतात. मला माफी मागायची आहे ती तिची. तिची मागेन, ती देईल तोपर्यंत मागेन. या जगात दुसऱ्या कुणाचीही मागणार नाही.